वायू वाया जातो तेव्हा

अमेरिकेची रात्रीची उपग्रहचित्रं पाहिली तर शिकागो, मिनियापोलिस ही शहरं उजेडाच्या पुंजक्यांसारखी दिसतात. २०१०नंतरच्या चित्रांत त्यांच्या पश्चिमेला, नॉर्थ डकोटाच्या वायव्य कोपऱ्यात, असाच एक ऐसपैस पुंजका दिसायला लागला. तिथे मोठं शहर नाही. अख्ख्या राज्याची लोकसंख्याच आठ लाखांच्या आसपास आहे. तो उजेड बाकेन तेलक्षेत्राचा आहे. त्यातला काही विहिरींवरच्या दिव्यांचा आणि काही विहिरींशेजारी उभ्या नळ्यांच्या तोंडाशी रात्रंदिवस जळणाऱ्या वायूचा.

विहीर खोदलेली असते तेलासाठी, पण तेलासोबत वायूही वर येतो. तेल टँकरमध्ये भरून नेता येतं. वायूला पाइपलाइन लागते, आणि ती टाकायला पैसे, परवानग्या आणि वेळ लागतो. तेलाचे पैसे मात्र आज मिळत असतात. मग वायू जागच्या जागी पेटवून द्यायचा. याला फ्लेअरिंग म्हणतात. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात १४८ अब्ज घनमीटर वायू असा जाळला गेला.

२०१८ साली डेन्व्हरमध्ये क्रूसो एनर्जी नावाची कंपनी निघाली. तिची कल्पना चार वाक्यांत सांगता येते. विहिरीजवळ जनरेटर आणून ठेवायचा. जो वायू नाहीतरी पेटवला जाणार तो त्यात जाळायचा. तयार झालेल्या विजेवर शेजारच्या कंटेनरमधली बिटकॉइन मायनिंगची यंत्रं चालवायची. वायूची पाइपलाइन नको आणि विजेची लाइनही नको, कारण बाहेर पाठवायचे ते फक्त आकडे, आणि त्याला साधं इंटरनेट पुरतं. कोनोकोफिलिप्स आणि एक्झॉनमोबिलसारख्या बलाढ्य तेलकंपन्यांनी बाकेनमध्ये असे प्रयोग चालवल्याच्या बातम्या २०२२ साली आल्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि इंजिनिअर म्हणून या कल्पनेला दाद द्यावीच लागते. माल गिऱ्हाइकापर्यंत नेता येत नसेल तर गिऱ्हाइकालाच मालापाशी आणून बसवायचं, ही युक्ती देखणी आहे. पण कंटेनर आणि जनरेटर यांच्यासोबत एक गोष्टही विकली जाते. गुंतवणूकदारांना, सरकारी खात्यांना आणि आपल्यासारख्या वाचकांना ती ऐकवली जाते. 'मायनिंग', 'वाया जाणारा वायू' आणि 'अडकून पडलेली ऊर्जा' हे तिच्यातले कळीचे शब्द. शेवटच्या शब्दासमोर कंपनीचं नाव ठेवलं की निर्जन बेटावर अडकलेला रॉबिन्सन क्रूसो आठवल्याशिवाय राहत नाही. एखाद्या कथेची समीक्षा करताना आपण तिच्यातल्या शब्दांचं वजन तपासतो. या गोष्टीचंही तपासायला हवं, कारण तिच्या जोरावर परवाने मिळतात.

खाण आणि लॉटरी

'मायनिंग' या शब्दामागची उपमा बिटकॉइनच्या जन्मापासूनची आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली प्रसिद्ध झालेला मूळ निबंध अवघ्या नऊ पानांचा आहे. भाषा कोरडी, नेमकी, कुठेही पाल्हाळ नाही. त्यात एका ठिकाणी सोनं खणणाऱ्यांची उपमा येते. नवी नाणी चलनात येणं हे साधनं खर्चून सोनं बाजारात आणण्यासारखं आहे, फक्त इथे खर्च होते ती संगणकाची वेळ आणि वीज, अशा आशयाची. पुढे ही उपमा इतकी रुळली की ती उपमा आहे हेच लोक विसरले.

ती कुठे लंगडी पडते ते पाहा. खाणीत दुप्पट माणसं उतरवली तर साधारण दुप्पट खनिज बाहेर येतं. बिटकॉइनमध्ये जगभरातली यंत्रं दुप्पट झाली तरी नाणी तेवढीच निघतात. सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार व्हावा असा नियम आहे. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोड्याची काठिण्यपातळी नव्याने ठरते. यंत्रं वाढली की कोडं अवघड होतं, कमी झाली की सोपं. एप्रिल २०२४पासून प्रत्येक ब्लॉकमागे ३.१२५ नवी नाणी मिळतात. कितीही यंत्रं लावा, हा आकडा हलत नाही.

यंत्रं करतात काय? एसएचए-२५६ नावाच्या गणिती प्रक्रियेत वेगवेगळे आकडे घालून पाहतात आणि उत्तर ठरावीक मर्यादेखाली येतं का ते तपासतात. आलं तर बक्षीस, नाहीतर पुढचा आकडा. यात शोधून काढण्यासारखं जमिनीखाली काही दडलेलं नाही. हा प्रकार खाणीपेक्षा लॉटरीच्या जास्त जवळचा आहे. बक्षिसाची नाणी ठरलेली आहेत, आणि तिकिटं विजेच्या मोबदल्यात मिळतात. तिकिटं महाग असण्यामागे कारण आहे. झालेले व्यवहार उलटवू पाहणाऱ्याला बाकी सगळ्यांहून जास्त तिकिटं घ्यावी लागतात, आणि तो खर्च परवडू नये अशी ती योजना आहे. सुरक्षितता खर्चातूनच येते. म्हणून ही वीज निव्वळ मूर्खपणे उधळली जाते असं मी म्हणणार नाही.

पण खाणीऐवजी लॉटरी म्हटलं की वायूच्या गोष्टीतली एक गोम दिसायला लागते. सगळे मिळून तिकिटांवर किती पैसे लावतील हे बक्षिसाच्या किमतीवर ठरतं. बिटकॉइनचा भाव वाढला की जास्त, पडला की कमी. आता कुणाला फार स्वस्त वीज सापडली, तर तेवढ्याच पैशांत जास्त तिकिटं घेता येतात. यथावकाश काठिण्यपातळी वाढते, महाग विजेवाले काही जण बाहेर पडतात, आणि एकंदर युनिट मात्र पूर्वीपेक्षा जास्त जळतात. स्वस्त ऊर्जा मिळाल्याने या व्यवस्थेची भूक भागत नाही, वाढते. खुद्द सातोशीने २०१०मध्ये चर्चेच्या ओघात म्हटलं होतं की हे काम शेवटी वीज सर्वात स्वस्त असेल तिथे जाईल. त्याच्या मनात होते थंड प्रदेश, जिथे खोली गरम करायला वीज जाळावी लागतेच. काम थंड प्रदेशात गेलं खरं, पण तेलाच्या विहिरीवर.

टाकाऊतून टिकाऊ

'वाया जाणारा वायू' हा या गोष्टीतला सर्वात भक्कम शब्दप्रयोग, म्हणून त्याची बाजू आधी नीट मांडायला हवी. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. तो न जळता हवेत गेला तर १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट आणि २० वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. उघड्यावरच्या ज्योतीत ९८ टक्के मिथेन जळतो असं बरीच वर्षं गृहीत धरलं जात होतं. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात विमानातून मोजमापं घेतली गेली. त्यातल्या तेलक्षेत्रांत बाकेनही होतं. विझलेल्या ज्योती धरून प्रत्यक्ष आकडा ९१ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे १०० भागांतले दोन निसटतात असं वाटत होतं, तिथे नऊ निसटत होते. चांगल्या जनरेटरच्या बंदिस्त इंजिनात वाऱ्याने ज्योत विझण्याचा प्रश्न नसतो. तिथे ९९ टक्क्यांहून अधिक मिथेन जळतो असा कंपन्यांचा दावा आहे. इंजिनाचा प्रकार आणि देखभाल यांवर तो आकडा खालीवर होतो, कारण वायूच्या इंजिनांतूनही थोडा मिथेन निसटतोच. पण दिशा बरोबर आहे. विझलेल्या नळीच्या तुलनेत चालू जनरेटर केव्हाही बरा.

आता प्रमाण पाहू. मायनिंगचं एक आधुनिक यंत्र साधारण ३.५ किलोवॉट वीज घेतं. जनरेटरची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर तेवढ्या विजेसाठी तासाला साधारण एक घनमीटर वायू लागतो. आपल्या घरी येणाऱ्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी ऊर्जा असते तेवढी एक यंत्र १८ तासांच्या आसपास संपवतं. एका कंटेनरमध्ये अशी शेकडो यंत्रं मावतात. हे सिलिंडर कुणाच्या स्वयंपाकघरातून काढून नेलेले नाहीत, हे मान्य. नॉर्थ डकोटातला वायू कोल्हापूरच्या शेगडीपर्यंत येणार नव्हता. पण 'वाया' या शब्दाआड किती ऊर्जा झाकली जाते ते यावरून कळावं.

'टाकाऊतून टिकाऊ' हा प्रकार मराठी शाळांत शिकलेल्या सगळ्यांना ठाऊक असतो. रिकाम्या आगपेट्या, आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या लग्नपत्रिका यांच्यापासून वस्तू करायच्या. त्यात एक न सांगितलेला नियम असतो: आगपेटी आधी रिकामी झालेली हवी. वस्तू करायची म्हणून काड्या फेकून देऊन पेटी रिकामी करायची नसते. उद्योगात हा नियम सांभाळणं कठीण जातं. टाकाऊ गोष्टीला भाव मिळाला की ती टाकाऊ राहत नाही. ती जोडउत्पन्न होते, आणि जोडउत्पन्न बंद व्हावं असं कुणालाच वाटत नाही.

माझ्या व्यवसायात याचं छोटं रूप रोज दिसतं. क्लाउड कंपन्या आपले रिकामे पडलेले सर्व्हर 'स्पॉट' नावाने फार स्वस्तात भाड्याने देतात. अट एवढीच की पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईक आलं की तुमचं काम थांबवून सर्व्हर काढून घेतला जाईल. सुरुवातीला त्यावर आपण बिनमहत्त्वाची कामं टाकतो. स्वस्त पडतं म्हणून हळूहळू महत्त्वाचीही टाकतो. मग सर्व्हर काढून घेतला गेला की बैठकीत तक्रार होते. उरलेल्यावर चालणारी गोष्ट एकदा अंगवळणी पडली की उरणं हा आपला हक्क वाटायला लागतो.

म्हणून 'वाया' या शब्दासमोर पहिला प्रश्न ठेवावा तो 'नाहीतर काय झालं असतं' हा. गोष्ट त्याचं एकच उत्तर गृहीत धरते: नाहीतर वायू पेटवला गेला असता. पण पेटवणं हा निसर्गनियम नाही, ती परवानगी आहे. नॉर्थ डकोटात एके काळी वर आलेल्या वायूपैकी जवळजवळ एक तृतीयांश जाळला जात होता. २०१४ साली राज्याच्या औद्योगिक आयोगाने वायू पकडण्याची टप्प्याटप्प्याने वाढणारी लक्ष्यं ठरवली, आणि २०२०च्या अखेरीस ती ९१ टक्क्यांवर नेली. तेव्हाही विहिरी त्याच होत्या आणि खडकही तोच. ज्योतींचं प्रमाण बदललं ते नियमांमुळे, त्यांच्यापाठोपाठ आलेल्या प्रक्रिया-केंद्रांमुळे आणि पाइपलाइनींमुळे.

आपल्याकडचं उदाहरण मुंबई हायचं. १९७४ साली तिथे तेल सापडलं, १९७६पासून उत्पादन सुरू झालं. तिथेही तेलासोबत वायू होता आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यातला बराचसा समुद्रावरच जाळला जाई. पुढे समुद्रतळावरून वाहिन्या उरणला आल्या. त्या वायूवर उरणचं वीजकेंद्र उभं राहिलं, अलिबागजवळ थळला खतकारखाना झाला, आणि आज मुंबईतल्या कित्येक घरांत नळाने येणाऱ्या गॅसमध्ये त्याचा वाटा आहे. मुंबईसारखं गिऱ्हाईक जवळ होतं आणि बाकेनला ते नाही, हा फरक मोठा आहे. पण समुद्रावरच्या त्या ज्योतींना 'वाया जाणारा वायू' म्हणणाऱ्यांनी तो शब्द वाहिनी टाकण्याच्या बाजूने वापरला. इथे तोच शब्द वाहिनीवाचून कसं भागतं हे सांगायला वापरला जातो.

बिटकॉइनच्या कंटेनरांमुळे अमुक पाइपलाइन रखडली असा आरोप मी करत नाही. कंटेनर चाकांवरचे असतात, पाइपलाइन आली की ते दुसऱ्या विहिरीवर जातील, असं कंपन्या सांगतात, आणि बऱ्याचदा तसं होतही असेल. माझं म्हणणं एवढंच की गोष्टीतली तुलना फार सोयीची निवडलेली आहे. सर्वात वाईट पर्यायाशेजारी उभं राहिलं की कुणीही उंच दिसतं.

सेनेका सरोवराकाठी

विहिरीपासून जनरेटर दूर नेला की या गोष्टीचं काय होतं, हे न्यूयॉर्क राज्यात दिसलं. सेनेका सरोवराच्या काठी ड्रेस्डन नावाचं लहानसं गाव आहे. द्राक्षबागांचा आणि पर्यटनाचा भाग. तिथलं ग्रीनिज वीजकेंद्र १९३७चं, कोळशावर चालणारं. २०११ साली ते बंद पडलं. नव्या मालकांनी ते नैसर्गिक वायूवर आणून २०१७ साली पुन्हा सुरू केलं. क्षमता शंभर मेगावॉटच्या थोडी वर. गरजेच्या वेळी ग्रिडला वीज पुरवणारं केंद्र, असं तेव्हाचं चित्र होतं. पण २०२०पासून तिथे मोठ्या प्रमाणावर बिटकॉइन मायनिंग सुरू झालं, आणि केंद्राच्या विजेचा मोठा वाटा त्याच आवारातल्या यंत्रांना जायला लागला.

इथला वायू पाइपलाइनने येत होता. तो अडकलेला नव्हता आणि वाया तर अजिबात जात नव्हता. जळला नसता तर तो दुसऱ्या कुणाला विकला गेला असता किंवा जमिनीखालीच राहिला असता. म्हणजे विहिरीवरच्या कंटेनरची जी काही पुण्याई होती ती इथे शून्य. बाहेर पडणारा सगळा कार्बन डायऑक्साइड नवा. शिवाय केंद्र थंड ठेवायला सरोवराचं पाणी घ्यायचं आणि गरम करून परत सोडायचं, याला काठावरच्या रहिवाशांचा आक्षेप होता.

तरी गोष्ट थांबली नाही, तिने शब्द बदलले. विजेला 'मीटरच्या मागची' म्हटलं गेलं, म्हणजे ग्रिडवर न येता परस्पर वापरलेली. २०२१ साली कार्बन ऑफसेट विकत घेऊन कंपनीने आपलं मायनिंग 'कार्बन न्यूट्रल' असल्याचं जाहीर केलं. चिमणीतून निघणारा धूर तेवढाच, हिशेबाच्या वहीत मात्र शून्य. जून २०२२मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाने केंद्राच्या हवाप्रदूषण परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. हे उत्सर्जन २०१९च्या राज्य हवामान कायद्याशी विसंगत आहे आणि केंद्राचा मूळ हेतूच बदलला आहे, असा त्याचा आशय होता. कंपनीने निर्णयाला आव्हान दिलं, आणि वाद न्यायालयात गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर कॅथी होकल यांनी जीवाश्म इंधनाच्या वीजकेंद्रांवर अशा मायनिंगसाठी नवे परवाने देण्यावर दोन वर्षांची स्थगिती आणणाऱ्या विधेयकावर सही केली.

पर्यावरण विभागाच्या त्या निर्णयात एक चांगला समीक्षक दडलेला आहे असं मला वाटतं. ही वीज कशासाठी आणि कुणासाठी, हा प्रश्न त्याने विचारला. अमुक टनांनी उत्सर्जन वाढलं एवढं म्हणून तो थांबला नाही. केंद्र पुन्हा सुरू करताना जे सांगितलं गेलं ते आणि आज जे चाललं आहे ते, हे दोन मजकूर त्याने शेजारी ठेवून वाचले.

शब्द बदलले, जनरेटर तेच

मार्च २०२५मध्ये क्रूसोने आपला बिटकॉइनचा व्यवसाय एनवायडिग या कंपनीला विकत असल्याचं जाहीर केलं. त्यात ४२५हून अधिक कंटेनर होते. क्रूसो आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी डेटा सेंटर बांधते. टेक्सासमधल्या ॲबिलीन इथला अवाढव्य प्रकल्प तिचाच, आणि त्या आवारातही नैसर्गिक वायूवर चालणारी टर्बाइन्स आहेत. हा वायू कुठल्या ज्योतीतून वाचवलेला असायला हवा, अशी अट आता कुणी घालत नाही. 'वाया' हा शब्द ज्या कंपनीची ओळख होता, तिला त्याच्यावाचून पुढे जाता आलं.

यात लबाडी शोधायची गरज नाही. संस्थापकांचा सुरुवातीचा उत्साह खरा असू शकतो, आणि त्यांच्या जनरेटरांनी काही ठिकाणी मिथेन खरोखर कमी केला, हेही खरं. पण विहिरीवरचा तो कंटेनर आज मागे वळून पाहताना एका मोठ्या सवयीची पहिली पायरी वाटतो. संगणकाला वीज हवी तर ग्रिडची, शेजाऱ्यांची, नियामकाची वाट न पाहता आवारातच वायू जाळायचा, ही ती सवय. ती पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा तिच्या अंगावर पर्यावरणाचा शेला होता. शेला उतरला तोवर ती सवय सगळ्यांच्या परिचयाची झाली होती.

मी ज्या क्षेत्रात काम करतो ते याच विजेवर वाढतं आहे, म्हणून ही तक्रार बाहेरच्या माणसाची नाही. 'वाया जाणारं वापरतो' असं पुढच्या वेळी कुणी सांगितलं, तर त्यांच्यापाशी एक साधा कागद मागावा. त्यावर लिहिलेलं असावं की हे वाया जाणं कुणाच्या परवानगीने चाललं आहे, ती परवानगी कधी संपते, आणि संपली की तुमचं यंत्र बंद होणार की दुसरा वायू शोधणार. नॉर्थ डकोटातल्या विहिरीसाठी या कागदावर बरी उत्तरं लिहिता आली असती. ड्रेस्डनमध्ये तो कोराच राहिला असता. ॲबिलीनसाठी तो कुणी मागितला आहे का, हे आपण आपल्यालाच विचारायला हवं.